सोडलेल्या जमिनीला पिवळा रंग

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचे! सामानाचा टेम्पो आमच्याही आधी दारात उभा होता, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. कपाटाचा एक पाय मोडला आणि माझ्या नकाशांच्या नळकांड्यावर कोणीतरी बसलं, एवढंच नुकसान. प्रोफेसर म्हणतो, स्वस्तात सुटलो. (प्रोफेसर म्हणजे माझा नवरा. शिकवतो शाळेत, आठवी-नववीला गणित. पण मीठ कुठे ठेवलंय हे सांगायलाही उभा राहून हातवारे करतो, म्हणून माझ्या बहिणीने लग्नातच हे नाव पाडलं.)

घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे छोटासा व्हरांडा. गावाच्या या बाजूची शेवटची गल्ली आणि गल्लीतलं शेवटचं, नववं घर. स्वयंपाकघराला चांगली मोठी खिडकी, आणि खिडकीबाहेर काहीच नाही! नुसतं मोकळं, किंचित खोलगट रान, आणि पार पलीकडच्या कडेला प्रोफेसरच्या नव्या शाळेचं लाल छप्पर. आधीच्या घरात खिडकी उघडली की शेजाऱ्यांच्या मोरीचा पाइप दिसायचा. मी भांडी लावायची सोडून बघतच राहिले.

घरमालकीणबाई समोरच्याच घरात राहतात. त्या म्हणाल्या, ती खिडकी लावलेलीच बरी. धूळ येते का विचारलं, तर नाही म्हणाल्या. डास? तेही नाही. मग का, म्हटलं, तर त्या पाणी किती वाजता येतं ते सांगायला लागल्या.

६ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिस आवडलं. पहिला मजला, तीन टेबलं, आणि एक नकाशे छापायचं यंत्र. दर तिसऱ्या कागदाला ते आ वासून बसतं. साहेब निवृत्तीला आलेले, मवाळ, प्रत्येक वाक्यानंतर 'बरोबर ना?' विचारणारे. नकाशे काढणारे आरेखक वयाने मोठे आहेत, शर्टाच्या खिशात कायम स्टीलची पट्टी, म्हणून सगळे त्यांना पट्टीवाले म्हणतात. माझ्या जागेवर आधी होते ते चार्ज न देताच निघून गेले म्हणे. टेबलाच्या खणात त्यांचा चष्मा तसाच आहे.

काम म्हणजे गावाच्या पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा. कुठे घरं, कुठे शेती, कुठे दुकानं, कुठून रस्ते. रहिवासाला पिवळा, शेतीला हिरवा, दुकानांना निळा. नव्या नियमाप्रमाणे एक जादा तक्ताही भरायचाय: 'जमीन-वापराचं पूर्वापार ज्ञान'. म्हणजे जुन्या लोकांना विचारायचं, कुठली जमीन कशासाठी ठेवत आलात आणि का. मला हे मनापासून पटतं. कागदावरच्या उंचसखल रेषा बघून जे कळत नाही, ते तिथे चाळीस वर्षं शेळ्या राखणाऱ्याला कळतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज निवृत्त मोजणीदारांबरोबर दिवसभर पायपीट. सत्तरी उलटली असेल, पण चालताना मलाच दम लागला. माणूस म्हणजे चालताबोलता दप्तरखाना. ओढ्याकाठच्या उंचवट्यावर घरं का नाहीत (खालची माती भुसभुशीत, भिंती फुटतात), टेकडीच्या उजव्या सोंडेवरची झाडं का तोडायची नाहीत (वारा तिथेच अडतो), गुरांची वाट आडवी का जाते (उभी गेली तर पाण्याने घळ पडते). मी सगळं लिहून घेतलं आणि सगळं आराखड्यात घेतलं. सोंडेला हिरवा, उंचवट्याला मोकळी जागा.

राहिलं ते आमच्या खिडकीबाहेरचं रान. गावाच्या मधोमध, दोन किलोमीटर लांब, रुंदी कुठेही साडेसहाशे मीटरच्या वर नाही. ना शेत, ना घर, ना कुंपण. विजेच्या ताराही वळसा घालून जातात. कडेच्या एकाही घराला त्या बाजूला खिडकी नाही. आमची एकटीची, तीही नंतर पाडलेली दिसते. गावात त्या जमिनीला 'सोडलेली' म्हणतात. शाळा, दवाखाना पलीकडे, म्हणून सगळं गाव रोज पाच किलोमीटर फिरून जातं. आजारी माणूससुद्धा.

का सोडली, म्हणून विचारलं. मोजणीदार म्हणाले, आत अंतर सरत नाही. मला वाटलं, पाय रुततात असं म्हणायचंय. तर म्हणाले, नाही, जमीन कडक आहे. त्यांच्या वडिलांनी मोजणीची साखळी टाकली होती, साखळ्या संपल्या पण पलीकडची कड आली नाही. मी मोजणीच्या दुर्बिणीने मोजून दाखवलं. सहाशे चाळीस मीटर. ते म्हणाले, बाहेरून बरोबर आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

हरकती आणि सूचनांची सुनावणी. मी आठवडाभर तयारी केली होती. सोडलेलीत तीन ठिकाणी खड्डे घेतले: पाणी नाही, गाळ नाही, पोकळी नाही. एकही कारण सापडलं नाही. म्हणून ती सगळी पिवळी केली, आणि मधून शाळेपासून थेट आमच्या गल्लीपर्यंत सरळ रस्ता. पूर्वापार ज्ञानाच्या तक्त्यात लिहिलं: 'समजूत. तांत्रिक आधार नाही.'

चाळीसेक लोक आले होते. वाटलं होतं, आरडाओरडा होईल. कोणी आवाज चढवला नाही. मोजणीदार उभे राहिले. म्हणाले, "बाई, पाण्याचं ऐकलंत, वाऱ्याचं ऐकलंत, मग हे एकच का नाही?" मी म्हटलं, बाकी सगळ्याला कारण होतं. ते म्हणाले, "कारण कळलं असतं तर नुसती सोडली असती का? काहीतरी उपाय केला नसता?"

मी दवाखान्याचं बोलले. पाच किलोमीटरचा वळसा पडतो म्हणून वाटेत बाळंत झालेल्या बाईचं बोलले. ती मागच्याच रांगेत बसली होती. तिने मान खाली घातली.

मग शेळ्या राखणाऱ्या एका आजीने एवढंच विचारलं, रस्त्याचं हे टोक शेवटच्या गल्लीतच निघणार ना? मी हो म्हटलं. तुम्ही तिथेच राहता ना? हो. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि, कसं सांगू, सगळ्यांचे खांदे सैल झाले. कोणाचीच हरकत नाही म्हणाले. साहेबांनी इतिवृत्तात तसंच लिहिलं. पट्टीवाल्यांनी प्रत्येक नकाशावर माझी सही घेतली. साहेबांची नाही, माझी.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. घरी येऊन प्रोफेसरला सांगितलं तर तो म्हणाला, गणितात असं सोपं उत्तर आलं की मी पोरांना पुन्हा तपासायला लावतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

रस्त्याच्या खुंट्या ठोकून झाल्या. गावातलं कोणी कामाला आलं नाही, बाहेरून माणसं आणावी लागली. चौसष्ट खुंट्या, दर दहा मीटरला एक, लाल रंगाचं डोकं. खिडकीतून बघितलं की शाळेपर्यंत सरळ ओळ.

प्रोफेसर खूश. उद्यापासून खुंट्यांच्या कडेकडेने चालत शाळेत. सायकलवरून वळसा घालत पंचवीस मिनिटं जायची, आता आठ. भिंतीवर तक्ता लावलाय, रोजची वेळ टिपणार म्हणे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काल त्याला आठ मिनिटं लागली. आज अकरा. म्हणतो, गप्पा मारत गेलो असेन. कोणाशी? तर हसला.

दूधवाला आला नाही. दुकानदाराने सामान माझ्या हातात न देता बाकावर ठेवलं आणि तो आत निघून गेला. पाठ वळल्यावर मागे कोणी काही बोललं नाही, हेच जास्त बोचलं.

खुंट्या मोजल्या. चौसष्टच आहेत. पण शेवटची खुंटी आमच्या मागच्या भिंतीपासून तीस पावलांवर होती, ती आज एकोणीसवर आहे. पहिली शाळेच्या फाटकापाशी होती, तिथेच आहे. म्हणजे मधलं – मी पुन्हा मोजलं. मधलं दहा-दहा मीटरच आहे. बरोबर आहे सगळं. नुसतं जास्त आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज एकोणीस मिनिटं. शनिवारी चौदा होती. त्याला मी म्हटलं, जाऊ नकोस, वळशाने जा. वाद झाला. तो म्हणाला, तुझाच रस्ता आहे, तूच घाबरतेस? बोलून गेला आणि मग वाईट वाटलं त्याला. संध्याकाळी येताना मात्र वळशानेच आला. त्याच्या बुटांच्या टाचा पार झिजल्यात. महिन्याभरापूर्वी घेतलेले बूट.

घरमालकीणबाईंनी सामान हलवलं. मुलीकडे जातेय म्हणाल्या, चार दिवस. चार दिवसांना कोणी दाराच्या चौकटी काढून नेतं?

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी उशीर झाला म्हणून तो सोडलेलीतून गेला. मी भांडी घासता घासता बघत होते. सव्वासातला निघाला. आठ वाजता अजून दिसत होता. करंगळीच्या पेराएवढा, पाठमोरा, झपझप चालत. साडेआठला तेवढाच. शाळेची घंटा मला इथे ऐकू आली.

फोन केला. म्हणाला, पोचलोच गं, पाच मिनिटं. आवाज नीट होता, थोडा धापत. मी म्हटलं, मागे वळ. वळला. हात केला. मग माझ्याकडे चालायला लागला.

आता दुपारचे तीन. तो माझ्याकडे चालतोय. तेवढाच आहे.

मी धावत गेले होते. विसाव्या खुंटीपर्यंत. मला लागली फक्त तीन मिनिटं, पण तो जवळ आला नाही, आणि परत यायला सव्वा तास लागला. तो फोनवर ओरडला, तू बाहेरच थांब, आपण दोघं आत नको. त्याचं ऐकलं. ऐकायला नको होतं का?

२७ नोव्हेंबर, बुधवार

पोलीस चौकीत गेले. हवालदार खिडकीपर्यंत आला, बघितलं, डोळ्यांवर हात धरून पुन्हा बघितलं. म्हणाला, माणूस दिसतोय म्हणजे हरवलेला नाही, तक्रार कशी घेऊ? जाताना त्याने व्हरांड्यातच बूट काढून तळवे झटकले. घरात माती नव्हती.

ऑफिसात साहेबांपुढे रडले. म्हटलं, पिवळा काढा, पांढरा करा, होती तशी सोडून द्या. ते म्हणाले, आराखडा प्रसिद्ध झालाय, बदलाला नव्याने नोटीस, नव्याने सुनावणी, किमान साठ दिवस, बरोबर ना? मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. ते माझ्या हाताकडे बघत बसले.

पट्टीवाल्यांच्या टेबलावर नवा कागद होता. त्यात सोडलेली अर्ध्याहून जास्त पिवळीच आहे. पण आमची गल्ली नाही. नऊच्या नऊ घरं पांढरी. मी विचारलं, हे काय? ते शांतपणे म्हणाले, "तिला तिच्याएवढी जागा लागते, बाई. इकडून घेतली की तिकडून द्यावी लागते. आमच्या वडिलांच्या वेळी उत्तरेची गल्ली दिली होती." मग पट्टी खिशात ठेवली. रागाने नाही. नेहमीसारखी.

सुनावणीत सगळ्यांना हे माहीत होतं. म्हणून खांदे सैल झाले. त्यांना शाळेचा रस्ता मिळाला आणि द्यायला आम्ही मिळालो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

गल्ली रिकामी. आठही घरांच्या चौकटी काढलेल्या. गल्लीच्या तोंडाशी पांढऱ्या फक्कीची रेघ मारलीय, आणि रेघेवर विटा उतरवताहेत.

सामान इथेच सोडून मी निघून जाऊ शकते. आज जाऊ शकते. पण तो फोनवर आहे. आवाज बारीक झालाय, फोन कानात खुपसावा लागतो. पाच मिनिटं, म्हणतो. त्याला तहान लागलेली नाही, भूक नाही, दमलेलाही नाही. फक्त म्हणतो, घर केवढं मोठं दिसतंय गं आपलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

खुंट्या आता भिंतीच्या आत. म्हणजे एक खुंटी स्वयंपाकघरात उभी आहे, फरशी न फुटता.

व्हरांड्यापासून पहिल्या घरापर्यंत दोनशे पावलं होती. आज मी सातशेला मोजणं सोडलं आणि मागे फिरले. गवंडी दिसत होते. एकाने मला बघितलं. दुसऱ्याला कोपराने ढोसलं. मग दोघांनी पाठ फिरवली आणि –

फोन लागत नाही. तो दिसतोय. हात हलवतोय. मी दोन्ही हात हलवते. दिवसभर आम्ही एवढंच –

३० नोव्हेंबर, शनिवार

पाण्याची बाटली, वही, पेन्सिल घेऊन निघाले. त्याच्याकडे नाही. गल्लीच्या तोंडाशी बांधताहेत त्या भिंतीकडे. बाहेरून दोर, माणसं, काहीतरी आणते, मग त्याला. त्याला खुणेने सांगितलं. कळलं का त्याला? मान हलवली असं वाटलं. एवढ्या लांबून मान –

सकाळी निघाले. ऊन डोक्यावर आलं. कललं. तिसरंच घर.

१ डिसेंबर

झोप येत नाही. भूकही नाही. त्याने सांगितलं होतं तसंच. चालते आहे. चालत चालत लिहिते आहे.

पाचवं घर. त्याची पायरी माझ्या गुडघ्याला लागली. आधी एवढी उंच –

वार नाही माहीत

भिंत! पोचले. पुरुषभर उंच झालीय. नाही, पुरुषभर नाही, केवढी – मान मोडते वर बघताना. वर गवंडी बसलाय, थापी, ओळंबा. मी ओरडले. त्याने ऐकलं. इकडेतिकडे बघितलं. मी म्हटलं, दादा, मी इथे, खाली, हात द्या. तो वाकला. रडवेला झाला होता तो. म्हणाला, "ताई, माझी तीन पोरं या बाजूला आहेत." मग म्हणाला, जरा मागे सरका, चुना अंगावर पडेल.

मी मागे सरकले. सांगितलं तशी सरकले! का सरकले?

आता तो वाकून बघतो ते माझ्या डोक्यावरून. मला शोधतो. मी ओरडते. तो कान झटकतो, चिलट गुणगुणल्यासारखा –

शेवटची वीट ठेवली.

मागे पावलं वाजली. तो आला. प्रोफेसर. आला खरंच. हसतोय, धापतोय, बुटांना टाचा नाहीत. मी मिठी मारली. माझ्याएवढाच आहे. अगदी माझ्याएवढा. खिडकीतून दिसायचा तेवढाच, पेराएवढा, आणि माझ्या –

गवताची काडी त्याच्या खांद्याला लागते.

पेन्सिल पेलत नाही. टोक मोडून घेतलंय, दोघांनी धरून ओढतो. वही जमिनीवर उघडी आहे. मी पानावर उभी आहे. तो म्हणतो लिही, कोणीतरी उचलेल, कोणीतरी वाचेल, त्या पूर्वापार ज्ञानाच्या तक्त्यात लिहील. अक्षरं उंच आहेत. एका शब्दाला दम लागतो.

ओळीचं टोक दिसतंय. समासाची लाल रेघ. लांब आहे. सकाळपासून चालतोय आम्ही तिच्याकडे आणि ती अजून